मीठ न खाणारे कादिरभाई

कर्जतला माझं किराणा दुकान आहे आणि मीठ पोत्यानं नेणारं गिऱ्हाईक एकच, समोरच्या चाळीतले कादिरभाई. गंमत अशी की रक्तदाबामुळे त्यांना मीठ बंद आहे. एकदा आमचे डॉक्टर दुकानात उभे असतानाच भाईंनी रस्त्यापलीकडून हाक मारली, "शेट, दोन पोती टाका!" डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विषच विकतोय. शेवटी त्यांचा हात धरून त्यांना चाळीच्या मागच्या अंगणात नेलं आणि टाकी दाखवली.

त्या सिमेंटच्या टाकीत कादिरभाई समुद्र तयार करायचे. पाण्यात मीठ ढवळायचं, तरंगत्या काचनळीवर खारेपणा मोजायचा आणि मोजून झाल्यावरही बोट बुडवून जिभेला लावायचं. "आला समुद्र!" असं म्हणाले की समजायचं, आज आणखी मीठ लागणार नाही.

भाई खोल समुद्रात एकटी फिरणारी यंत्रं बनवतात. आत माणूस नाही, मागे दोरी नाही. यंत्रानं तळाशी जायचं, पाण्याचं तापमान टिपायचं, फोटो काढायचे आणि काम झालं की आपलं आपण वर यायचं. खारं पाणी वस्तूला जास्त उचलून धरतं, म्हणून यंत्राचं वजन खाऱ्या पाण्यातच जुळवावं लागतं. हे सगळं ते कुणालाही समजावून सांगायचे, अगदी माझ्या दुकानात साबण घ्यायला आलेल्यालासुद्धा.

टाकीच्या पाझराने शेजारच्या सुशीलाबाईंचा कढीपत्ता वाळला. त्या तावातावानं भांडायला आल्या तर भाई गंभीरपणे म्हणाले, "बाई, चूक माझी. कढीपत्ता समुद्रात जगत नाय." आणि दुसऱ्या दिवशी नवं रोप आणून दिलं.

मी एकदा विचारलं, "भाई, एवढा समुद्राचा नाद, तर अलिबागला का राहत नाही?"

"समुद्र तिकडं हाय, शेट. पण माझी जागा इथं हाय."

मला वाटलं, नेहमीचा विक्षिप्तपणा. कारण विक्षिप्त ते होतेच. कुणाला स्वतःहून फोन करायचे नाहीत. टेंपोवाला उशीर करू दे, प्लंबर गायब होऊ दे, हे दारात खुर्ची टाकून बसणार. "येतो म्हणालाय ना? मग जागा सोडायची नाय." अख्ख्या चाळीला पिवळा रंग दिला तेव्हाही यांनी आपलं निळं दार कुणाला शिवू दिलं नाही. पोपडे निघालेलं, भडक निळं दार. पेंटर वैतागून निघून गेला.

एकदा यंत्राची चाचणी बघायला मी त्यांच्याबरोबर गेलो. लोधिवलीकडे एका जुन्या दगडखाणीत पाणी साठलंय, तिथे. टेंपो पोशीरच्या बाळ्याचा. माणसाएवढं लांबडं, पिवळं यंत्र चढवताना तो ते अंगापासून लांब धरत होता. "भाई, ही गॅसची टाकी फुटणार तं नाय ना? माझी बायको गरवार हाय."

खाणीच्या गोड्या पाण्यासाठी भाईंनी यंत्राचं थोडं वजन काढलं, बटणं दाबली आणि त्याला पाण्यात सोडलं. ते गेलं ते गेलंच. पाणी सपाट. ऊन डोक्यावर. मी म्हटलं, "आता बोलवा की त्याला."

"पाण्याखाली फोन नाय लागत, शेट. पाठवताना सांगायचं, काम झालं की या जागी वर ये. मग आपण गप थांबायचं."

थोड्या वेळानं मी आणि बाळ्या पलीकडच्या काठावर सावलीत जायला निघालो. मागून भाई असे ओरडले की मी दचकलो. "जागा सोडू नका! ते वर आलं आन् आपण नाय दिसलो तर?"

यंत्राला काय कळतंय आपण दिसतोय की नाही? पण त्यांचा चेहरा बघून आम्ही मुकाट्यानं परत उन्हात येऊन उभे राहिलो. काही वेळानं बुडबुडे आले आणि यंत्र बरोबर आमच्यासमोर वर आलं. भाईंनी खिशातला रुमाल काढला आणि घामानं निथळणारं स्वतःचं तोंड सोडून यंत्राचं तोंड पुसलं. बाळ्या मला हळूच म्हणाला, "शेट, भाईला घरी कोन नाय काय रं?"

मी म्हटलं, "नाय." मला तेवढंच ठाऊक होतं.

मग चाळ पाडून इमारत बांधायचं ठरलं. सगळ्यांनी होकार दिला, कादिरभाईंनी नाही. चाळ त्यांच्यावर उखडली. कुणी म्हणालं हावरट, कुणी म्हणालं म्हातारा सटकला. सुशीलाबाईंच्या घरात पावसाळ्यात बादल्या मांडायला लागायच्या, त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. शेवटी मला मध्यस्थ म्हणून धाडलं.

भाई दारातच बसले होते. मी विषय काढल्यावर बराच वेळ दाराचे पोपडे नखानं काढत राहिले.

"हा रंग युनूसनं दिलाय," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ. बोटीचा उरलेला रंग आणला होता कुठून तरी. त्याला एका जागी करमत नसे. कधी ट्रकवर, कधी बंदरात. फोन ठेवायचा नाय, पत्ता सांगायचा नाय. पण दर वेळी आपला आपण परत यायचा, याच दारात. शेवटचा गेला तेव्हा मी रागात म्हटलं नाय की येऊ नको. म्हटलं, इथंच हाय मी."

"किती वर्षं झाली?"

"तुमचं दुकान नव्हतं तेव्हा."

माझ्या दुकानात माझं अर्धं आयुष्य गेलंय. मला फार वाईट वाटलं, आणि चाळीचं काम घेऊन आलोय याची लाजही वाटली. तरी विचारलं, "भाई, समुद्रात वादळ आलं, बोट हलवावीच लागली, तर काय करतात?"

ते म्हणाले, "त्या जागी बोया सोडतात. तरंगता. आलेल्याला कळावं म्हणून."

"मग मला सोडा."

भाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, टाकीतल्या पाण्याचा खारेपणा बघायचे तसंच. "बोया हलला तरी चालतो, शेट. सुटून चालत नाय."

चाळ पडली. भाई सध्या खोपोलीला भाड्यानं राहतात. ते निळं दार माझ्या दुकानाबाहेर, मिठाच्या पोत्यांशेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभं आहे. गिऱ्हाइकं विचारतात, शेट, हे दार कुठं उघडतं? दिवाळीला मुलानं पनवेलला बोलावलं तर बायकोला एकटीलाच पाठवलं. ती म्हणते, तुम्हालाही भाईंचा रोग लागला.

परवा संध्याकाळी एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस दारासमोर थांबला. त्यानं रंगावरून हात फिरवला. मी काटा टाकून धावलो. "युनूसभाई?"

तो गोंधळला. "नाय, नाय. दार इकायचं हाय का, इचारत होतो."

हल्ली कादिरभाई रोज संध्याकाळी फोन करतात. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला आपणहून फोन केला नाही, तो माणूस. त्या दिवशीही त्यांचा फोन आला.

"शेट, जागेवर?"

"जागेवर, भाई."

दाढीवाल्याचं मी काही सांगितलं नाही. पुढे त्यांनाही काही बोलायचं नव्हतं, मलाही नाही. पण फोन त्यांनी ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही.