राजज्योतिष्याची नोकरी

सबंध नाटक आपल्या एका वाक्यावर तोललेले आहे, याविषयी नवनाथच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. महाळुंग्याच्या कारखान्यात तो कंत्राटी तपासनीस. कामगार नाट्यस्पर्धेच्या शोकांतिकेत मात्र राजज्योतिषी. ‘महाराज, आज दरबारात जाऊ नका,’ एवढे बजावून त्याने बाजूला व्हायचे. राजाने हसून पुढे जायचे आणि सहा कटवाल्यांच्या कट्यारींनी मरायचे.

या एका वाक्यावर अभिनयाचे पारितोषिक आणायचे, हे त्याचे ठरलेले होते. परंतु ज्योतिषी राजाला सावध का करतो, हे दिग्दर्शिका योगिनीताईंना सांगता येईना.

“लिहिलंय म्हणून,” त्या म्हणाल्या.

कारखान्यात एक वाकडा बोल्ट सापडला, तरी पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. इथे तर राजा मरणार होता. नवनाथने जेवणाच्या सुट्टीत कोरा फॉर्म घेतला. राजाला का अडवायचे? तो मरेल म्हणून. त्याला मरू का द्यायचे नाही? नवा राजा येईल म्हणून. नव्याला का भ्यायचे? तो स्वतःचा ज्योतिषी घेऊन येईल म्हणून. चौथ्या ‘का’ची गरज उरली नाही. बारा वर्षांत तीन साहेब बदलले होते आणि प्रत्येकाने आपापली माणसे आणली होती.

प्रयोगात राजा झाले होते त्याच्याच विभागाचे साहेब, अण्णासाहेब. नवनाथने त्यांचा शेला धरला. आवाज आटलेल्या विहिरीच्या तळातून यावा तसा आला.

“महाराज, जाऊ नका. तुमच्या जागी येणारा त्याचा माणूस आणील. मग मी कुठं जाऊ?”

प्रेक्षागृहात निम्मे लोक कंत्राटी. ते खुर्चीच्या कडेला सरकले. अण्णासाहेब हसायचे विसरले.

“बरं, नाही जात,” ते म्हणाले आणि मंचकावर बसले.

कट्यारी उपसून उभ्या असलेल्या सहा जणांचे हात अवघडून आले. अखेर त्यांचा म्होरक्या रोहिदास विंगेतून डोकावला.

“महाराज, चला ना. सगळे खोळंबलेत.”

“राहू दे, रोहिदास. ह्याची नोकरी जाईल राव.”

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पडदा पाडावा लागला.

प्रयोग नियमापेक्षा चाळीस मिनिटे तोकडा ठरून संघ बाद झाला. मात्र अभिनयाचे पारितोषिक याच संघातल्या एकाला, असे परीक्षकांनी जाहीर करताच नवनाथ दाढी सावरत उठला, दोन पावले चाललाही.

“समोरच्याचं ऐकून घेण्याचा इतका सच्चा अभिनय आम्ही पाहिला नव्हता,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी अण्णासाहेबांचे नाव घेतले.

आता खाली बसणे शोभले नसते. नवनाथ उभ्यानेच टाळ्या वाजवू लागला आणि त्याचे पाहून सारे प्रेक्षागृह अण्णासाहेबांसाठी उठून उभे राहिले.