चुरा समिती आणि व्हर्नाचा मक्याचा पाव

या, असे जवळ सरकून बसा. मागे बसलात तरी ऐकू येईल, पण लागणार नाही. आणि ही गोष्ट थोडी लागायला हवी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, जिथे समुद्राचं धुकं चालत येऊन रेडवूड नावाच्या आभाळाएवढ्या झाडांच्या रानात बसतं, तिथली गोष्ट सांगतो. शेवटी एक मागणं मागेन. फार मोठं नाही.

देवाने सृष्टी निर्माण केली आणि ती सांभाळण्यासाठी माणसाने समिती निर्माण केली. देवाचं काम सहा दिवसांत आटोपलं. समितीचं अजून चालू आहे.

हॉलिस गावच्या ल्यूथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीचा मुक्काम दर उन्हाळ्यात हेरॉन क्रीकच्या उद्यानात पडतो. तिथे मोठ्या मंडळींसाठी एक मोकळी जागा राखलेली आहे: तंबूंना सपाट जमीन, शेकोटीचं एक रिंगण, रॅकून नावाच्या चोरट्या प्राण्यांनी उचकू नये म्हणून अन्न ठेवायच्या लोखंडी पेट्या, आणि मधोमध एक लांबलचक लाकडी टेबल. टेबलाशेजारी जे झाड उभं आहे त्याच्या बुंध्याला कवटाळायला अख्खं गायनमंडळ लागतं. (उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो कमी पडतात. त्या सगळीकडेच कमी पडतात.)

या टेबलावर पहिल्या संध्याकाळी एक रीत चालत आलेली होती. सगळे बसायचे, ओडेल ब्रँडवोल्डची बायको व्हर्ना उभी राहायची आणि जेवणाआधीची प्रार्थना गाऊन म्हणायची. मग तिच्या हातचा मक्याचा पाव फिरायचा. देवाचं नाव आधी, पाव नंतर. पण पावाचा वास आधी यायचा, त्यामुळे त्या प्रार्थनेइतकी एकाग्र प्रार्थना हॉलिसच्या देवळातही होत नसे.

यंदा व्हर्नाचं शेवटचं वर्ष होतं. घाबरू नका, तशा अर्थाने नाही. हात थरथरायचा आजार वाढला होता, म्हणून मुलीने दोघांनाही मिनेसोटाला बोलावून घेतलं होतं. घर विकलं गेलं होतं. तिथे तळी आहेत, बर्फ आहे, चांगले डॉक्टर आहेत, रेडवूड नाहीत. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या ओडेलला बोलणं फारसं जमत नसे. पण सामान बांधताना त्याने बायकोला एवढं विचारलं होतं, "तुला काय हवंय?" आणि ती म्हणाली होती, "त्या टेबलाशी एकदा गायचंय. एवढंच."

एवढंच होतं. पण मध्ये चुरा आला.

त्याचं असं आहे. मरलेट नावाचा एक लहानसा समुद्रपक्षी आहे. पोट भरतो समुद्रावर, पण अंडं घालायला येतो रेडवूडवर. अंडं एकच, तेही घरटं न बांधता, उंच फांदीवरच्या शेवाळात. आता खाली माणसाने बिस्किटाचा चुरा सांडला की तो टिपायला डोमकावळे आणि 'जे' नावाचे तुरेवाले निळे पक्षी येतात, आणि आलेच आहोत तर वरही पाहू, असा विचार करून ते अंडं खातात. म्हणून उद्यानाच्या फाटकाशी प्रत्येकाला उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते, की मी चुरा सांडणार नाही. शपथ रास्त आहे, पक्षी गरीब आहे. यात हसण्यासारखं काहीही नाही.

सामान्य माणसं शपथ घेतात, टेबल पुसतात आणि झोपतात. पण हॉलिसची मंडळी सामान्य नव्हती. त्यांच्यात मेरेडिथ पँगबर्न होत्या.

मेरेडिथबाई शाळेच्या उपमुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. शाळा त्यातून सावरली होती, बाई सावरल्या नव्हत्या. मनाने लोण्यासारख्या. कुणी आजारी पडलं की सगळ्यात आधी यांचं सूप दारात. त्या एका अंड्याच्या काळजीने त्यांचा खरोखर जीव तुटायचा, आणि त्यांचा जीव तुटला की समिती जन्माला यायची. चुरा समितीत तीन सभासद होते: मेरेडिथबाई, दातांचे डॉक्टर क्लाइव्ह डेलुका, जे चुऱ्याच्या मूळ उगमाशी रोज काम करतात, आणि तिसरे जे कधीच आले नाहीत (समितीला वजन यावं म्हणून असा एक सभासद लागतोच).

समितीने प्रथम अन्नाची वर्गवारी केली. केळं: निर्धोक. सूप: निर्धोक, भुरके मारू नयेत. उकडलेलं अंडं: चुरा नाही, पण पक्ष्याच्या समोर खाणं बरं दिसत नाही. शेकोटीवर भाजलेला मार्शमॅलो: चालेल, तो ज्या दोन बिस्किटांत दाबून खातात ती बिस्किटं चालणार नाहीत, त्याऐवजी तो दोन केळ्यांत दाबावा. (हा प्रयोग क्लाइव्हने केला. त्यानंतर ते दिवसभर शांत होते.) सर्वांत शेवटी, वेगळ्या लाल शाईत: मक्याचा पाव.

"व्हर्ना, तुझ्यावर नाही गं हे," मेरेडिथबाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या. हात त्यांच्या हातातही थरथरत राहिला. "पावाच्या जातीवर आहे. तो नुसता बघितला तरी भुगा होतो."

"अगं, म्हणूनच तर चांगला लागतो," व्हर्ना हसून म्हणाली.

"मी कुठे नाही म्हणतेय? मी स्वतः चार-चार तुकडे खाल्लेत."

"सहा," ओडेल तंबूची दोरी ताणता ताणता म्हणाला.

तरी पावावर थेट बंदी आली नाही. लोकशाही आहे. पाव खायचा असेल त्याने गळ्यात फडकं बांधून, ताडपत्रीवर उभं राहून, वाकून खावा, असा तोडगा निघाला. दुपारी तसं करून पाहिलं. मंडळी ताडपत्रीवर वाकून उभी राहिली; लांबून पाहणाऱ्याला वाटावं, समुद्रप्रवासात सगळ्यांना एकदमच उलटी होतेय. मागून क्लाइव्ह बॅटरीवर चालणारा व्हॅक्यूम फिरवत होते. त्या आवाजाने रानातली सगळी पाखरं उडून गेली, आणि एकही 'जे' पक्षी खाली आला नाही, असा समितीने यशस्वी निष्कर्ष काढला.

पण शास्त्र तिथे थांबत नाही. ताडपत्रीच्या कडेला, जमिनीवर, क्लाइव्हला पिवळे कण सापडले. व्हर्ना जिथे उभी होती तिथेच. सगळे एकदम दुसरीकडे बघू लागले. तेच वाईट झालं. व्हर्नाने हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

"मी गाडीत खाईन," ती म्हणाली. "काच वर करून. मला काही वाटणार नाही."

"एकटीने कशाला?" मेरेडिथबाईंचे डोळे भरून आले. खरंच आले. "सगळेच खाऊ! कुणाला वेगळं पाडायचं नाही, हे आपलं तत्त्व आहे."

आणि अशा रीतीने, केवळ प्रेमापोटी, ठराव झाला की संध्याकाळचं जेवण प्रत्येकाने आपापल्या गाडीत, काचा बंद करून घ्यावं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गाड्या उभ्या आहेत त्याही रानातच, आणि दारं उघडली की चुरा बाहेर येणारच. तर्क बिनतोड होता. म्हणून दुरुस्ती सुचवली गेली की गाड्या उद्यानाबाहेर न्याव्यात. बाहेर जायचंच तर गावात एक जेवणघर आहे, तिथे टेबलं आहेत. एकमताने संमत.

"आणि प्रार्थना?" ओडेलने विचारलं.

 मेरेडिथबाई म्हणाल्या, "तिथेच म्हणेल ना ती. छान आहे जागा. पलीकडे टीव्हीवर बेसबॉल असतो, पण आवाज कमी करायला सांगू."

ओडेलने झाडाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग खिसे चाचपले. "किल्ली सापडत नाहीये," तो म्हणाला.

"काय रे ओडेल! क्लाइव्हच्या गाडीत बसा दोघं."

"नको. शोधतो. तुम्ही व्हा पुढे."

गाड्या गेल्या. रानात सामुदायिक मुक्कामाला आलेली मंडळी अशा प्रकारे रानाचं रक्षण करत गावातल्या जेवणघरात पोचली. पुढे तिथल्या वाढणाऱ्या बाईने सांगितलं, की आयुष्यात इतकं सभ्य गिऱ्हाईक पाहिलं नाही: जेवण झाल्यावर निम्मी माणसं टेबलाखाली शिरून तुकडे वेचत होती.

इकडे धुकं उतरत होतं. ओडेल गुडघ्यांवर बसून टेबलाखाली जुनी चादर पसरत होता, कडा दगडांनी दाबत होता. व्हर्नाने लोखंडी पेटीतून पावाचा डबा काढला, उघडला, आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"ओडेल."

"हं."

"गाडीची किल्ली पावावर कशाला ठेवलीस?"

"हरवली होती," तो म्हणाला. "तिथे कोण शोधणार?"

"मूर्ख माणूस," ती म्हणाली, आणि तिने असं म्हटलं की मिनेसोटाचा सगळा बर्फ तिथल्या तिथे वितळावा.

तेवढ्यात गस्तीवरची रेंजर आली. ल्युसिंडा बाका तिचं नाव. टेबलाशी दोनच म्हातारी माणसं पाहून ती चक्रावली. "बाकीचे कुठे गेले? सगळं ठीक आहे ना?"

"जेवायला गेलेत," ओडेल म्हणाला. "चुरा होऊ नये म्हणून."

"गावात?" रेंजरने टोपी मागे सरकवली. "अहो, आमचं म्हणणं इतकंच आहे की खा आणि पुसा. म्हणजे... खा, आणि पुसा."

"बस बाई तू," व्हर्ना म्हणाली. "पण आधी गायचं असतं."

आणि ती उभी राहिली. आवाज आता हातासारखाच थरथरत होता. पण गाणाऱ्याचा आवाज थरथरला तर त्याची समिती नेमत नाहीत, त्याला भाव म्हणतात. अन्न देणाऱ्याचे आभार, बरोबर बसणाऱ्यांचे आभार, जे टेबलाशी नाहीत त्यांनाही पोटभर मिळो. शेवटच्या ओळीला ती जरा थांबली, कारण दरवर्षी तिथे सगळे सूर धरायचे. ओडेलने धरला. त्याचा सूर इंजिनासारखा होता. तरी धरला.

आणि मागून आणखी एक सूर आला. खालच्या पट्टीतला, शिस्तीचा, थोडा रडवेला.

मेरेडिथबाई तंबूंच्या कडेला उभ्या होत्या. पर्स विसरली म्हणून परतल्या होत्या. पर्स त्यांच्या खांद्यालाच होती.

 व्हर्नाने तुकडा पुढे केला. देता देता हात थरथरला, पिवळा भुगा चादरीवर पडला. मेरेडिथबाईंनी ओंजळ पुढे केली, पाव खाल्ला, आणि मग ओंजळीतला चुरा जिभेने टिपला. उपमुख्याध्यापिकेने. रेंजरच्या समोर.

"अहवालात नको घेऊस गं," त्या म्हणाल्या.

"मी काही पाहिलंच नाही," ल्युसिंडा तोंड भरलेलं असताना म्हणाली.

तेव्हा वरून आवाज आला. तीक्ष्ण, एकटा, समुद्रावरून आलेला. धुक्यातून काहीतरी गोळीसारखं सुटलं आणि फांद्यांत शिरलं.

"तो बघा," रेंजर हळूच म्हणाली. "तोच."

मेरेडिथबाईंनी वर पाहायला मान उचलली आणि "आई गं" म्हणत मानेला हात लावला. इतकी वर्षं त्यांनी या पक्ष्यासाठी जमीन पाहिली होती. झाड वरही जातं, हे त्यांना ऐकून माहीत होतं. ओडेलने त्यांच्या मानेमागे हात धरला, आणि त्या वर पाहत राहिल्या, दिसेनासं झालं तरी पाहत राहिल्या.

मग चौघांनी मिळून चादर चारी कोपऱ्यांनी उचलली आणि एक कणही न सांडता घडी घातली. त्याला समिती लागली नाही. वेळही लागला नाही.

मुक्कामाचा अहवाल हॉलिसच्या देवळात वाचून दाखवला गेला. क्लाइव्हने लिहिला होता: मुक्काम संपूर्ण यशस्वी, रानात कुणीही जेवलं नाही. पुढील वर्षी आणखी सुधारणेला वाव असून मुक्काम देवळाच्या तळघरात, भिंतीवर रेडवूडचं मोठं चित्र लावून करावा. ठराव मंजुरीच्या बेतात होता. तेव्हा मेरेडिथबाईंनी उजवा हात वर केला आणि म्हणाल्या, की त्या चुरा समितीचा राजीनामा देत आहेत, आणि ज्याला यायचं असेल त्याने एक जुनी चादर घेऊन यावं. तिसऱ्या सभासदाने विरोध केला. तो त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता.

व्हर्ना मिनेसोटाला गेली. तिथे तळ्याकाठी पाव करते म्हणे. तिथली बदकं भारी सुखात आहेत.

गोष्ट संपली. आता मागणं. मघाशी चुऱ्याचं नाव काढलं तेव्हा तुम्ही हळूच स्वतःच्या मांडीकडे पाहिलंत आणि चिवड्याचे दोन कण झटकलेत, ते मला दिसलं. झटका, त्यात पाप नाही. पण इतका वेळ बसला आहात, या खोलीत एकदाही वर पाहिलं नाहीत, आणि शेजारच्या ताटावरचा हात कुणाचा, तेही नाही. उद्या तुमच्या पंगतीत कुणाचा हात थरथरला, भाताची शितं सांडली, आणि तुमच्या मनात प्रेमापोटी एखादा तोडगा निघू लागला, तर जरा थांबा. व्हर्नाची आठवण काढा. आणि ओंजळ पुढे करा.