सत्तेचाळीस नंबरचा थर्मास

मायरन होरोडिस्की यांनी शनिवारी सकाळी आरशासमोर उभे राहून "एक तिकीट द्या" हे वाक्य चार वेळा म्हणून पाहिले. पहिल्या वेळी नुसतीच हवा आली. दुसऱ्या वेळी कोंबडा खाकरल्यासारखा आवाज झाला. बुधवारी औषधांच्या दुकानात "पिशवी नको" म्हटल्यापासून घसा वापरातच नव्हता, तेव्हा त्यालाही दोष देता येत नव्हता. चौथ्या वेळी वाक्य बऱ्यापैकी माणसासारखे निघाले. मग त्यांनी टोपी घातली.

त्यांचे वय चौसष्ट. एकतीस वर्षे विनिपेगच्या बस आगारात भांडारपाल म्हणून काढलेली. ब्रेकच्या पट्ट्या, आरसे, नटबोल्ट, साऱ्यांवर स्वतःच्या हाताने नंबर टाकलेले. लग्न राहून गेले. ठरवून टाळले असे नाही. आज बघू, उद्या बघू करता करता निवृत्तीचा केक कापायची वेळ आली. पाच वर्षांपूर्वी आई गेली आणि घरातला दुसरा आवाजही बंद झाला. मागे उरली ती 'तारादीप'.

'तारादीप' ही सत्तरच्या दशकातली टीव्हीवरची मालिका. अंतराळाच्या टोकाला एक दीपस्तंभ, त्यात पाच माणसे, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवतात, एवढीच गोष्ट. विनिपेगच्याच एका गोदामात तिचे चित्रीकरण झाले होते. सव्वीस भाग झाले आणि मालिका बंद पडली. मायरनना सव्वीसच्या सव्वीस भाग तोंडपाठ होते, पण म्हणून दाखवायचे कोणाला? आगारात सगळे हॉकीवाले. एकदा डबा खाताना त्यांनी विषय काढला, तर शेजारच्याने विचारले, "त्यात गोल कोण करतं?"

त्यामुळे सेलकर्क गावातल्या कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या हॉलमध्ये, उन्हाळ्यात बर्फ नसताना, 'तारादीप'मधल्या मूळ वस्तूंचे प्रदर्शन भरणार ही बातमी त्यांनी कापून फ्रिजला चिकटवली. दोन महिने रोज दूध काढताना ती वाचली. आज त्यांनी जुन्या हिरव्या थर्मासमध्ये बोर्श, म्हणजे बीटचे आंबट सूप भरले, राय या धान्याच्या पावाचे दोन तुकडे खिशात टाकले आणि बस पकडली. तिकीट मागताना आवाज नीट आला.

हॉलमध्ये पाऊल टाकताच त्यांचे पाय थबकले. चाळीसेक वर्षे ज्या गोष्टी काचेच्या पलीकडे पाहिल्या, त्या हातभर अंतरावर मांडलेल्या होत्या. आणि त्या सगळ्या घरातल्याच निघाल्या! कप्तानाचे किरणास्त्र म्हणजे केस वाळवायचे यंत्र. संदेशयंत्र म्हणजे साबणाची डबी. परग्रहावरच्या राणीचा मुकुट म्हणजे भाजी निथळायची चाळणी, तिला चांदीचा रंग फासलेला. दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. मायरनना मात्र भरून आले. इतक्या थोडक्यात इतके मोठे आकाश उभे केले होते या लोकांनी!

संदेशयंत्राखालची चिठ्ठी वाचायला चष्मा हवा होता. चष्मा कोटाच्या आतल्या खिशात, कोटाची गुंडी घट्ट, आणि एका हातात थर्मास. शेजारी एक रिकामा चौथरा होता. मायरननी थर्मास त्यावर टेकवला, चष्मा काढला, चिठ्ठी वाचली. मग नजर दीपस्तंभाच्या मुख्य यंत्राकडे गेली. त्याची सव्वीस बटणे होती आणि मायरनना प्रत्येकाचे काम माहीत होते. पाऊण तास ते तिथेच उभे होते.

भूक लागली तेव्हा थर्मास आठवला. मागे वळून पाहतात, तर चौथऱ्याभोवती सात-आठ माणसे फोन उंचावून फोटो काढताहेत. थर्मासवर काचेचे झाकण. झाकणाला कुलूप. वर दिवा सोडलेला. आणि समोर चिठ्ठी, जी चष्म्याशिवाय त्यांना दिसलीच नव्हती: 'प्राणकुंभ. दीपस्तंभाचे इंधन. भाग अकरा.'

"माफ करा," मायरन दाराशी उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाला म्हणाले, "तो माझा आहे."

हा लॉर्न स्टेफानसन. हिवाळ्यात हॉलमध्ये बर्फ जमवायचे काम त्याचे. उन्हाळ्यात बर्फ नाही म्हणून त्याला पहाऱ्यावर उभे केले होते.

"कोण तुमचा?"

"तो हिरवा. थर्मास."

लॉर्नने एकदा चौथऱ्याकडे पाहिले, एकदा मायरनकडे. "भाऊ, मघाशी एक जण ती चाळणी मागत होता. बायकोला आवडली म्हणे. हात लावायचा नाही, बघायचं आणि घरी जायचं."

"अहो, पण त्यात माझं जेवण आहे!"

हे वाक्य जरा मोठ्याने गेले. बऱ्याच दिवसांत मोठ्याने काही बोलायची सवय नसल्याने आवाजाचा अंदाज चुकला. फोटो काढणारी माणसे वळली, आणि हॉलच्या टोकाकडून डेल्फीन ग्रावेल तरातरा चालत आल्या.

डेल्फीनबाई साठीच्या, निवृत्त ग्रंथपाल. चार वर्षे स्वतःची गाडी हाणत त्यांनी गावोगावच्या तळघरांतून या वस्तू जमवल्या होत्या. प्राणकुंभ तेवढा मिळत नव्हता. ब्रँडन गावच्या एका गृहस्थाने "पाठवतो" म्हणून दोन महिने झुलवले होते. आज चौथऱ्यावर तो अचानक दिसताच बाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. गृहस्थ गुपचूप ठेवून गेला असणार, असे म्हणून त्यांनी लगेच झाकण घातले, कुलूप लावले आणि फोटो काढून चाहत्यांच्या मंडळाला पाठवून दिला.

"काय भानगड आहे, लॉर्न?"

"हे म्हणतात प्राणकुंभ यांचा आहे. आत जेवण आहे म्हणे."

"अच्छा!" बाईंनी मायरनना टोपीपासून बुटांपर्यंत वाचून काढले. "पुरावा?"

मायरनना हायसे वाटले. पुरावा हे भांडारपालाचे हक्काचे क्षेत्र. "तळाला पांढऱ्या रंगात सत्तेचाळीस लिहिलंय. मीच लिहिलंय."

लॉर्नने कुलूप काढून थर्मास उलटा केला. तळाला सत्तेचाळीस होते. जमलेल्यांत हुंकार उठला.

"दीपस्तंभ क्रमांक सत्तेचाळीस!" डेल्फीनबाई जवळजवळ किंचाळल्याच. "म्हणजे हा अस्सल आहे! मला थोडी शंका होती, तीही गेली."

"अहो, म्हणूनच तर मी सत्तेचाळीस लिहिलं!"

"म्हणजे दीपस्तंभाचा नंबर तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे ना."

"प्राणकुंभही ठाऊक असेल."

"हो. फक्त तो अकराव्या भागात नाही. बाराव्यात आहे. चिठ्ठी चुकली आहे तुमची."

हे बोलायची काही गरज नव्हती, हे त्यांना बोलताक्षणी कळले. पण चुकीचा नंबर लावलेली वस्तू पाहून गप्प बसणे त्यांना एकतीस वर्षांत जमले नव्हते. डेल्फीनबाईंचे कान लाल झाले.

"अकराव्यात आहे."

"अकराव्यात उल्का येतात, बाई. इंधन संपतं ते बाराव्यात."

"लॉर्न," बाई नजर न हलवता म्हणाल्या, "वाट चुकून आलेला माणूस नाही हा. याला सगळं पाठ आहे. असेच लोक वस्तू पळवतात."

लॉर्नने दाराला पाठ लावली. इतकी माणसे एकाच वेळी मायरनकडे पाहताहेत असे निवृत्तीच्या केकनंतर प्रथमच घडत होते, आणि तेव्हाही बहुतेकांची नजर केकवर होती.

"हे बघा भाऊ," लॉर्न जरा मऊ पडून म्हणाला, "सोपं आहे. घरी फोन लावा. बायको, पोरगं, कोणी पण. त्यांनी सांगितलं की हा थर्मास तुमचा, तर मिटलं."

"घरी कोणी नसतं."

"मग भाऊ, बहीण? मित्र?"

मायरननी फोन काढला. त्यात नावे सहा. दातांचा डॉक्टर, शनिवारी बंद. बस आगार, पण तिथला ओळखीचा शेवटचा माणूस गेल्या वर्षी कॅलगरीला मुलीकडे गेला. नळदुरुस्तीवाला. वीज कंपनी. 'आई' असा एक नंबर, जो पुसायचा राहिला होता. त्यावरून अंगठा त्यांनी हळूच पुढे सरकवला. आणि औषधांच्या दुकानातली रोवेना. त्यांनी रोवेनाला लावला. लॉर्नने फोन हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"अगं बाई, होरोडिस्की!" रोवेनाचा खणखणीत आवाज हॉलभर घुमला. "बरं केलंत फोन केलात. काय, पोट साफ होतंय का आता? मी म्हटलं होतं ना, ती गोळी दोन दिवस घेतली की मोकळं वाटेल!"

कोणीतरी खोकले. राणीच्या चाळणीजवळ एक बाई हसू आवरायला पाठमोरी झाली.

"रोवेना," मायरन कसेबसे म्हणाले, "माझ्याकडे हिरवा थर्मास आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"थर्मास? नाही बाई. आम्ही थर्मास ठेवत नाही. गरम पाण्याची पिशवी आहे, देऊ का?"

फोन बंद झाला. आता कोणीच हसत नव्हते, आणि ते जास्त अवघड होते. हा चोर असेल किंवा नसेल, पण चौसष्ट वर्षांत या माणसाने गोळा केलेली माणसे म्हणजे हीच, हे सगळ्यांना एकदमच कळले होते. मायरन टोपीची कड चाचपत राहिले.

"राहू द्या," ते म्हणाले. "ठेवा तुमच्याकडे. पाचची बस आहे, मी जातो."

"थांबा हो," लॉर्न म्हणाला. "उघडून बघू की. जेवण असेल तर जेवण."

"उघडू नकोस!" डेल्फीनबाई ओरडल्या, तोवर लॉर्नने झाकण फिरवले होते. त्याने आत डोकावले आणि टोपणात थोडे ओतले. गडद लाल, संथ, किंचित वाफाळणारे.

"लाल द्रव," एक तरुण मुलगी कुजबुजली. "खरा प्राणरस!"

"चाळीस वर्षं जुना," बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि अजून…"

"अजून गरम?" लॉर्नने विचारले.

लॉर्नने वास घेतला. मग कोणी अडवायच्या आत एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"बोर्श आहे," त्याने निकाल दिला. "मीठ कमी आहे."

"बघू," म्हणून मघाशी पाठमोरी झालेली बाई पुढे आली. "मीठ ठीक आहे की. शेपू जास्त हवा होता." तिच्या नवऱ्याला बटाटे मऊ वाटले. कुजबुजणाऱ्या मुलीने आयुष्यात बोर्श चाखला नव्हता. तिने दोनदा घेतला. "घेवडा घालता तुम्ही?" एका आजोबांनी विचारले, आणि मायरन म्हणाले, "घालतो. रात्रभर भिजवून. आधी वेगळा शिजवायचा, नाहीतर रंग जातो." हे त्यांचे दिवसातले सर्वांत लांब बोलणे होते, आणि सात माणसांनी ते मान डोलावत ऐकले. रायचा पावही खिशातून निघाला आणि तुकडे तुकडे होऊन संपला.

शेवटचा घोट डेल्फीनबाईंनी घेतला. घेतला म्हणजे, टोपण त्यांच्यापर्यंत आले तेव्हा नाही म्हणणे बरे दिसले नसते. मग त्यांनी रिकाम्या थर्मासकडे आणि चौथऱ्याकडे पाहिले.

"मंडळात नऊशे जणांना फोटो गेलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांनी अभिनंदन केलंय."

मायरनना उपाशी पोटीही बाईंची कीव आली. "दिसतो तसा," ते म्हणाले. "आकार तोच आहे. खऱ्याचा कान डावीकडे होता, एवढंच."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग एकदम ग्रंथपाल झाल्या. "मालकी मान्य. पण तो असा नेता येणार नाही. प्रदर्शनातली वस्तू दाराबाहेर जायची तर ती आत आल्याची नोंद हवी. फॉर्म भरा. उसनी दिलेली वस्तू, अवधी एक दिवस."

मायरन फॉर्म भरायला बसले. नाव, पत्ता, वस्तूचे वर्णन, कुठे पोचा आहे का, सगळे व्यवस्थित. शेवटून दुसऱ्या रकान्यापाशी पेन थांबले. 'जवळची व्यक्ती व तिचा फोन.'

"हा रिकामा ठेवला तर?"

"रिकामा रकाना आम्ही घेत नाही."

मायरननी रोवेनाचे नाव लिहायला पेन टेकवले आणि उचलले. लॉर्न दाराच्या बिजागरीत काहीतरी बिघाड शोधू लागला.

डेल्फीनबाईंनी कागद आपल्याकडे ओढला. "पाचची बस चुकेल तुमची," असे पुटपुटत त्यांनी त्या रकान्यात वळणदार अक्षरात 'डेल्फीन ग्रावेल' लिहिले, खाली स्वतःचा नंबर लिहिला. शेवटचा रकाना होता 'नाते'. तिथे त्या जरा घुटमळल्या. मग त्यांनी लिहिले, 'मतभेद.' आणि शिक्का मारला.

"ही तुमची प्रत," त्या म्हणाल्या. "यातल्या माहितीत काही बदल झाला तर कळवावं लागतं."

"बदल म्हणजे?"

"पत्ता, फोन, नातं. काहीही."

"आणि बदल नाही झाला तर?"

"तर तसं कळवावं लागतं," डेल्फीनबाई पेनाचे टोपण लावत म्हणाल्या. "दर शनिवारी. फोनवर चालेल."

असा कुठलाही नियम नव्हता. प्रदर्शनाच्या नियमांचे पान लॉर्ननेच टाइप केले होते. त्याने दार उघडून धरले आणि तो छताकडे बघत राहिला.