केळ्याची चकती

आमचे किडनीचे डॉक्टर नाडी मागाहून धरायचे. आधी म्हणायचे, "डबा उघडा!"

धुळ्याच्या त्या दवाखान्यात माझी बायको गिरजा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची. मी शिरपूरकडचा केळीवाला, शाळा जेमतेम. पण एवढा शिकलेला माणूस दुसऱ्याच्या डब्यात नाक घालतो, हे जन्मात पाहिलं नव्हतं. भाजी हुंगायचे, डाळ बोटावर घेऊन चाटायचे.

"आबा, मीठ कोणी टाकलं? मशीनचे दिवस माझे. बाकीचे दिवस डॉक्टर कोण?"

"मी, साहेब."

"मग डॉक्टरसारखं रांधा!"

भाजी उकळायची कशी, पाणी फेकायचं कसं, हे त्यांनीच दवाखान्याच्या शेगडीवर मला दाखवलं. चुलीपुढं कधी न बसलेला मी फोडण्या द्यायला लागलो.

भर मे महिन्यातसुद्धा पेशंटला पाणी मोजून. अमळनेरचे एक नाना काट्यावर चढले, वजन वाढलेलं.

"नाना, पाणी कुठं प्यालात?"

"नाही प्यालो. आंघोळीचं अंगात मुरलं असेल."

डॉक्टर हसले, इतके की चष्मा पडला. मग नानांना बर्फाचा खडा चघळायला दिला.

खरी लढाई केळ्याची. किडनी गेली की केळ्यातलं पोटॅशियम अंगात साठतं, काळीज बंद पडू शकतं. मी कौतुकानं केळ्यांची फणी नेली, तर त्यांनी ती फाटकावरच येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटून टाकली. स्वतः एक खाल्लं नाही. "या पेशंटपुढं मी कसा खाऊ?" म्हणाले.

एकदा गिरजानं केळं पदरात लपवलं.

"अक्का, पदराला वास येतोय."

"मना वावरनं शे!" ती आमच्या अहिराणीत उसळली, आपल्याच शेतातलं आहे म्हणून. "एक तुकडाबी नही?"

"नाही."

"मंग मशीनबी नही!"

आणि खरंच पुढच्या खेपेला ती घरीच भिंतीकडं तोंड करून पडली. पाय सुजले, धाप लागली. मी पाया पडलो, शिव्या घातल्या. हलेना.

संध्याकाळी डॉक्टर दारात हजर. वाट चुकून आमच्या केळीत शिरलेले, बूट चिखलानं भरलेले.

"अक्का, तुमच्या वावरातलं एक केळं निवडा आणि चला माझ्याबरोबर."

तिनं बराच वेळ लावून एक निवडलं. त्यांनी ते कोटाच्या खिशात टाकलं. धुळ्याला रक्त तपासलं, मशीन सुरू केलं, मग स्वतः केळं सोलून एक चकती कापली.

"एवढीच. मशीन चालू असताना, माझ्यासमोर. घरी नाही."

गिरजा चघळत राहिली. डॉक्टरांनी आमच्या बोलीत विचारलं, "गोड शे ना, अक्का?"

"जरा कच्चं शे."

नंतर तिनं एक खेप चुकवली नाही. रक्ताचा रिपोर्ट बरा आला की तिला चकती मिळायची. दर वेळी तोच सवाल, तोच जबाब. मशीनवर ती बरीच वर्षं जगली. यंदा गेली.

तेरावं झाल्यावर मी फणी घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पिशवीकडं पाहिलं.

"डबा उघडा."

"माझा कशाला? मला काय झालंय?"

"उघडा, आबा."

कोरडी भाकर आणि मिरची. एकट्यासाठी कोण रांधतं?

त्यांनी फणीतलं एक केळं सोललं, हाताच्या सवयीनं एक चकती कापली आणि थबकले. मग उरलेलं सगळं केळं माझ्या हातात ठेवलं.

"तुम्हाला चालतं. खा माझ्यासमोर."

मी खाल्लं.

चकती त्यांच्याच बोटांत राहिली होती. खोलीत पेशंट कोणी नव्हता. त्यांनी ती तोंडात टाकली, खिडकीकडं तोंड केलं.

"जरा कच्चं शे," म्हणाले.