गुडघेवाले पाटणकर डॉक्टर

आमच्या महाराष्ट्र मंडळात पाटणकर डॉक्टरांनी न पाहिलेला गुडघा औषधालाही सापडला नसता. गणपतीची आरती संपली रे संपली की मंडळी खुर्च्या ओढून बसायची आणि डॉक्टर एका हातात मोदकाची प्लेट धरून अस्सल नागपुरी थाटात म्हणायचे, "वाकवून दाखवा बाप्पा!" वाकला की "उत्तम", नाही वाकला की "रोज चाला". तिसरा शब्द मी ऐकला नाही. तरी लोकांना गुण यायचा. मिशिगनमध्ये गाडीतून उतरा असं सांगणारा दुसरा होताच कोण?

आता खरं सांगते. डॉक्टर गुडघ्यांचे नव्हतेच. ते मानसोपचारतज्ज्ञ होते आणि मी ज्या मोटारींच्या कंपनीत टायपिस्ट होते तिथेच नोकरीला होते. त्या ऐंशीच्या दशकात अमेरिकन साहेबाला एकदम शोध लागला होता की कामगाराला मनही असतं. शोध लावला आणि डॉक्टरांना खोली दिली ती नेमकी पर्सोनेल मॅनेजरच्या केबिनसमोर! आत कोण जातंय ते साहेबाला बसल्या जागी दिसायचं. मग कोण मरायला जातंय तिथे? शेवटी डॉक्टरांनी टेबलावर ब्लडप्रेशरचं यंत्र मांडलं. त्या निमित्तानं आडदांड गडी यायचे, बाही वर करायचे आणि दोन मिनिटांत हुंदके द्यायला लागायचे. माझं टेबल त्यांच्या दाराशीच, म्हणून बाहेर आवाज येऊ नये यासाठी मी माझा टाइपरायटर जोरात बडवायचे.

मंडळात हे फक्त मला ठाऊक होतं. "वहिनी, एवढं पोटात ठेवा जी," डॉक्टर एकदा काकुळतीला येऊन म्हणाले.

"ठेवीन हो. पण गुडघेच का?"

"आपल्या लोकांची अक्कल तिथेच असते ना! म्हणजे तसं फार खोटं नाही."

एकटेच राहायचे. शैलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेल्यात असं सांगायचे. ती आई काही बरी होत नव्हती.

त्या हिवाळ्यात कंपनीनं माणसं कमी केली. माझा नवरा सुधीर त्याच कंपनीत, रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमध्ये इंजिनिअर. त्याच्या आजूबाजूची सगळी टेबलं रिकामी झाली, याचं तेवढं राहिलं. लोकांनी अभिनंदन केलं. आणि हा पठ्ठ्या जेवेना, झोपेना. सकाळी आम्ही एकाच गाडीतून जायचो. मी उतरून आत जायचे, हा पार्किंग लॉटमध्ये स्टिअरिंग धरून बसलेला. जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून पाहावं तर तसाच! असं बसून राहिलं तर नोकरी जाणारच होती, पण मला भीती त्याच्याच जाण्याची वाटत होती.

"डॉक्टरला दाखवू या," मी म्हटलं.

"मी काय वेडा आहे?" तो अंगावरच आला.

"वेडा कोण म्हणतंय? तुझा गुडघा दुखतो ना?"

"नाही."

"दुखतो," मी म्हटलं आणि पाटणकरांना फोन लावला.

बाहेर सगळा बर्फ, म्हणून डॉक्टर त्याला शनिवारी सकाळी मॉलमध्ये चालायला न्यायचे. दुकानं अजून बंद, नुसती म्हातारी अमेरिकन जोडपी फेऱ्या मारतायत. रोज चाला म्हणणारे डॉक्टर स्वतः दर बाकावर टेकायचे. असे कितीतरी शनिवार गेले. मग एका सकाळी पार्किंग लॉटमध्ये सुधीर माझ्या आधी खाली उतरला आणि म्हणाला, "चल ना, उशीर होतोय." मी तिथेच बर्फात उभी राहून रडले.

त्या संध्याकाळी सुधीरनं सांगितलं, "डॉक्टर कसले आहेत ते मला माहीत आहे. पहिल्याच शनिवारी त्यांनी सांगितलं." आणि मग शैलावहिनींचं सांगितलं. आधी ते ओहायोत होते. तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. वेड्यांच्या डॉक्टरच्या घरी जायचं म्हणजे लोक काय म्हणतील! वहिनींना कुणी बोलावेना. त्यांनी हळदीकुंकू केलं तर एक बाई फिरकली नाही. तिळगूळ करून, पैठणी नेसून त्या दिवसभर वाट पाहत बसल्या, आणि नंतर माहेरी गेल्या त्या गेल्याच. डॉक्टरांनी गाव बदललं, धंदाही बदलल्याचं सोंग केलं. मंडळातले हे सगळे गुडघे ते बायकोसाठी जमवत होते, ती परत आली तर तिला बोलावणारी माणसं असावीत म्हणून. पण फोनवर बोलावलं की वहिनींचं एकच उत्तर, "लोकांना कळलं की पुन्हा तेच होईल."

पुढच्या शनिवारी दोघं मॉलमध्ये गेल्यावर मी नागपूरला वहिनींच्या भावाकडे फोन लावला. नंबर सुधीरनंच मिळवून दिला होता. लाइनवर नुसती खरखर.

"वहिनी, मिशिगनहून बोलतेय! माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. रथसप्तमीपर्यंत तुम्ही याल त्या दिवशी ठेवीन!"

पलीकडून बारीक आवाज आला, "ते कसले डॉक्टर आहेत, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"चांगलं ठाऊक आहे!" मी ओरडून म्हटलं. "माझ्या नवऱ्याला त्यांनीच बरं केलंय. सुधीरला विचारलंय मी, त्या दिवशी सगळ्या बायकांना हे सांगणार आहे. ज्यांना यायचं नाही त्या गेल्या उडत. तुम्ही या!"

पुन्हा खरखर. मग वहिनींनी विचारलं, "तिकडे आता थंडी फार असेल ना हो?"