मेसॉनची किनार

१९५७ साली विश्वाचं एक रहस्य नागपुरात फक्त मला ठाऊक होतं. खोटं नाही सांगत. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी आकाशातून कोसळणाऱ्या मेसॉन कणांचं गणित मांडलं होतं. हे कण वाटेतच मरतात. त्यांतले जमिनीपर्यंत किती पोचतील, ते काढायचं. ग्राफपेपरवर नऊ ठिपके आले. आठ ठिपके शाळेच्या मुलींसारखे रांगेनं उतरत गेले, सहावा मात्र उंच उभा! हाच माझा शोध. वर्गातल्या मुलांना तसं ऐकवूनही ठेवलं होतं.

ग्राफ कोनाड्यात ठेवून मी मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस काटोलला गेले. परतीची बस बिघडली. तोंडी परीक्षेला जेमतेम तास उरला असताना घरी पोचले, तर कोनाडा रिकामा.

"बाबा, इथला कागद?"

बाबा मागावर बसले होते. "तो सुताच्या खळीत पडून लगदा झाला. पण किनार झाली वं विणून."

मारोतराव व्यापारी नव्या किनारींचे नमुने ग्राफपेपरवरच आखून त्याच कोनाड्यात ठेवत. बाबांनी नेहमीसारख्या चौकटी मोजल्या, धागे मोजले आणि माझे मेसॉन हिरव्या लुगड्याच्या काठावर रेशमात उतरवले. मी ठिपके मोजले. नऊच. पण सहावा रांगेत!

"बाबा, सहावा वर होता!"

"होता ना. काढणारा चुकला होता. म्यां सरळ केला."

"तो माझा शोध होता!"

"काहून ओरडून राहिली? चूक विणून देऊ काय गिऱ्हाइकाले?"

दुसरा ग्राफ काढायला वेळ कुठला? लुगडं बगलेत मारलं आणि रिक्षा केली. बाहेरगावच्या परीक्षकांपुढे टेबलावर काठ पसरला. त्यांनी चष्मा काठाला टेकवला.

"सहाव्या ठिपक्यावर तुमचा मोठा दावा होता म्हणे?"

"तो विणताना खाली आला, सर. वडिलांना चूक वाटली."

त्यांनी लॉगची कोष्टकं माझ्यापुढे सरकवली. "तेवढा एक पुन्हा काढा."

काढला. पहिल्या वेळी मी कोष्टकातली चुकून खालची ओळ वाचली होती. सहावा ठिपका निमूट उतरला आणि बाबांनी विणला होता तिथं जाऊन बसला.

"वडील कुठं प्राध्यापक आहेत?"

"नाही सर. ते कोष्टी आहेत."

परीक्षक उठले. लुगड्याची घडी त्यांनी स्वतः घातली आणि दोन्ही हातांनी मला दिली. मला पहिला वर्ग मिळाला. पदवीदानाला तेच लुगडं नेसले.

घरी सगळं सांगितलं तेव्हा बाबांनी धोटा थांबवला नाही. "लुगड्यातली चूक मले दिसते, सुमे. आभायातली तू पाह्यत जाय."

पुढे माझे अकरा शोधनिबंध छापून आले. प्रत्येकाचा ग्राफ आधी बाबांपुढे धरत असे. दोन त्यांना आवडले नव्हते, तरी मी हट्टानं पाठवले.

ते धरून पाठवले होते तेरा.