फ्लॅशला ना हरकत

आमच्या नवआशा सहकारी गृहनिर्माण संस्थेने गेल्या एप्रिलमध्ये एक वापरलेला फ्लॅश घेतला आणि तो कॅमेऱ्यावर बसवल्यावर पेटला नाही. संस्थेचा सचिव या नात्याने हे प्रकरण पहिल्या दिवसापासून मीच हाताळलं. त्यामुळे त्यात नियमबाह्य काहीही घडलेलं नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. जे वाईट झालं ते सगळं नियमानेच झालं.

फ्लॅशची गरज निर्माण झाली ती ३०२ मधल्या मनोरमाकाकू राऊत यांच्यामुळे. मूळच्या आगाशीच्या. रविवारी त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या बहात्तर बिऱ्हाडांना आमंत्रण होतं. त्या कार्यालयात येऊन माझ्यासमोर बसल्या.

"सेक्रेटरी, मला एकच फोटो पायजे. भिंतीवर लावायचा. आमच्या ह्यांचा मतदान कार्डावरचा मोठा करून लावलाय, तर बारा वर्षं मानूस चोरीत सापडल्यासारखा बघतोय. माझं तसं नको. मी हसतेय असा पायजे."

"मोबाईलवर काढू की, काकू."

"मोबाईलात नाक पुढे येतं नि मी मागे राहते."

संस्थेकडे डिजिटल कॅमेरा होता. झेंडावंदनाचे आणि जिन्यात चपलांचं कपाट ठेवणाऱ्यांचे फोटो काढण्यासाठी तो घेतलेला. आमचा हॉल मात्र पार्किंगच्या मागे, तिथे भर दुपारी शेजारचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. म्हणून सांडोरच्या रायनकडून, जो वसईभर लग्नांचे फोटो काढतो, त्याचा जुना फ्लॅश आणला. त्याच्या पाठीवरचं चाचणीचं बटण दाबलं तेव्हा तो असा पेटला की अध्यक्ष प्रल्हादरावांना दहा मिनिटं सगळीकडे हिरवे ठिपके दिसत होते. कॅमेऱ्यावर चढवल्यावर मात्र ढिम्म.

दुसरं कुणी असतं तर त्याने रायनला फोन केला असता. पण प्रल्हादरावांनी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेली आहे. त्यांनी आधी पदाधिकाऱ्यांची बैठक बोलावली. संगणक कंपनीत काम करणारे खजिनदार हर्षवर्धन यांनी मत दिलं, "कम्पॅटिबिलिटीचा इश्यू आहे. म्हणजे दोघांचं एकमेकांशी पटतं का, ते बघायला लागेल."

प्रल्हादरावांनी चष्मा काढला. "कॅमेरा संस्थेचा. हा बाहेरून आलेला. त्याच्या डोक्यावर राहणार, आणि पटतं की नाही माहीत नाही. म्हणजे हा भाडेकरू झाला!"

यात खोडून काढण्यासारखं कुणालाच काही दिसलं नाही. मी भाडेकरूचा अर्ज काढला आणि रायनला मुलाखतीला बोलावलं.

"मूळ बॉक्स?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"फेकला, अंकल."

"बिल?"

"दहा वर्षं झाली. कुठनं असणार?"

"म्हणजे मागेपुढे कुणी नाही. एकटाच." ते माझ्याकडे वळले. "आपण एकट्याला देतो?"

"नाही देत, साहेब."

"सामिष समारंभात वापर झालाय?"

रायनने आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अंकल, आमच्याकडच्या लग्नात मटण नसेल ना, तर नवरासुद्धा फोटोला उभा राहत नाही."

मी शेरा मारला : 'मांसाहारी, एकटा. ज्येष्ठ सदस्याच्या विनंतीवरून अपवाद म्हणून विचार व्हावा.'

"तो कॅमेरा दाखवा ना एकदा," रायन म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"कॅमेरा मालक आहे," प्रल्हादराव म्हणाले. "मालक मुलाखतीला बसत नसतो."

पोलीस पडताळणीच्या अर्जाला भाडेकरूचे दोन फोटो लागतात. आम्ही फ्लॅशला हॉलमधल्या खुर्चीत बसवून त्याचे फोटो काढले. ते काळेकुट्ट आले, कारण हॉलमध्ये अंधार होता. अंधार घालवायला फ्लॅश हवा होता आणि फ्लॅशला प्रवेश द्यायला फोटो. हा अर्ज आजही प्रलंबित आहे.

दरम्यान हर्षवर्धन तांत्रिक बाजू लढवत होते. त्यांनी फ्लॅशच्या बुडाचे पितळी ठिपके खोडरबराने घासले. नवे सेल घातले. मधला ठिपका सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली, मग ती काढली. कॅमेरा अकरा वेळा बंद करून चालू केला, कारण त्यांच्या कंपनीत सगळ्या आजारांवर हेच औषध आहे. प्रल्हादरावांच्या सूचनेवरून दोघांना ओळख वाढावी म्हणून दोन दिवस एकाच कपाटात ठेवलं. बाहेर काढल्यावरही फ्लॅश ढिम्म तो ढिम्मच.

मनोरमाकाकू रोज येऊन विचारत. "पटलं का त्यांचं? आमचं तर नुसत्या पत्रिकेवर पटवलेलं. पन्नास वर्षं पेटलं की!"

गुरुवारी रायनचा धीर सुटला. तो थेट कार्यालयात शिरला, माझ्या हातातून कॅमेरा घेतला, मागच्या पडद्यावर दोनदा बोट फिरवलं आणि हसायलाच लागला.

"सायलेंटवर आहे हो! ह्या कॅमेऱ्याचा आवाज बंद केला की फ्लॅश पेटतच नाही. कुठलाच. हे एक बटण दाबायचं, झालं."

त्याचं बोट पुढे गेलं. प्रल्हादरावांनी ते हवेतच धरलं. "थांब. आवाज कुणी बंद केला, ते आधी बघू."

मी इतिवृत्ताची वही उघडली. ठराव क्रमांक चौदा : 'गणेशोत्सवात आरतीच्या वेळी कॅमेऱ्याच्या खटखटीमुळे भक्तिभावात व्यत्यय आल्याने संस्थेचा कॅमेरा यापुढे कायम मौन राहील.' खाली बहात्तर सह्या. पहिलीच मनोरमाकाकूंची.

"मी केली?" रोजच्यासारख्या चौकशीला आलेल्या काकूंनी वही डोळ्यांजवळ धरली. "अगं बाई, माझीच की! मला वाटलं प्रसादाच्या शिऱ्याची वही हाय."

ठराव बदलायला विशेष सर्वसाधारण सभा लागते. सभेला पाच दिवसांची नोटीस लागते. वाढदिवस तीन दिवसांवर होता. "काकू, वाढदिवस पुढे ढकलता येईल का?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, ते आता त्यांच्या आईलाच विचारावं लागेल.

रविवारी हॉल गच्च भरला. काकू मोरपिशी साडीत मधोमध बसल्या होत्या आणि बहात्तर घरं त्यांच्या मागे रांगा करून उभी राहिली. रायन पाहुणा म्हणून आलेला. संस्थेचा मौन कॅमेरा, डोक्यावर मुका फ्लॅश, हे ध्यान मी त्याच्या हाती दिलं. प्रल्हादरावांनी नियमांच्या महत्त्वावर बोलायला सुरुवात केली. पंधरा मिनिटं झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "रायन, बाळा, दाब रे ते."

आणि त्याने आवाजाचं बटण दाबलं, मग फोटोचं.

लख्ख! हॉल बांधल्यापासून त्याचं छत आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आला : काकू मान मागे टाकून हसताहेत, कवळी चमकतेय, प्रल्हादरावांच्या तोंडात अर्धा वेफर, आणि मागे सगळी सोसायटी खिदळतेय. "हाच!" काकू ओरडल्या. "हाच लावायचा! मेले तरी हसत राहीन!" लोक टाळ्या वाजवत होते. मी इतका आनंदात होतो की इतिवृत्त लिहायला विसरलो.

सोमवारी प्रल्हादरावांनी निर्णय दिला. फोटो अनधिकृत आहे. कॅमेरा, फ्लॅश आणि फोटोचं कार्ड कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद झालं.

"पाडायचा?" हर्षवर्धन यांनी दचकून विचारलं.

"छे, नियमित करून घेऊ," प्रल्हादराव म्हणाले. आमच्या इमारतीलाच अजून भोगवटा प्रमाणपत्र नाही, त्यामुळे अनधिकृत गोष्टीत माणसं किती सुखाने राहतात याचा आम्हा सर्वांना दांडगा अनुभव आहे. सभेऐवजी वही घरोघर फिरवायची आणि बहात्तर सह्या घेऊन फोटो काकूंच्या हवाली करायचा, असं ठरलं. मी ठराव टाईप करून वहीत चिकटवला. वॉचमन शत्रुघ्न वही घेऊन निघाला आणि चाळीस मिनिटांत एकाहत्तर सह्या घेऊन आला. प्रल्हादरावांनी फोनवर बोलता बोलता केली. याच इमारतीत वेगळं बिऱ्हाड असलेली काकूंची सून संपदा, हिने कणकेच्या हाताने केली. मी तर सगळ्यात आधी केली होती.

"३०२ राहिली, साहेब," शत्रुघ्न म्हणाला. "आजी वाचत बसल्यात."

संस्थेच्या एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी धावत वर गेलो. काकू चष्मा लावून खिडकीशी बसल्या होत्या.

"सेक्रेटरी, हे काय लिवलंय? 'सदर अनधिकृत फोटो तातडीने हटवून, त्याचे गज कापून, कार्यालयात कायमस्वरूपी कुलूपबंद ठेवण्यास आमची संमती आहे.' माझे गज कोन कापनार?"

मी वाकून वाचलं. नवा मसुदा कोण लिहीत बसतो? पहिल्या मजल्यावरच्या अनधिकृत ग्रिलचा जुना ठराव होता. त्यातलं 'ग्रिल' काढून मी 'फोटो' घातलं होतं, तसं काकूंना सांगितलं.

"मग खोडा की."

"एकाहत्तर सह्या झाल्यात, काकू. बहुमताचा ठराव मला खोडता येत नाही."

"संपदानं पन केली?"

"हो."

काकू हसल्या. तेच हसू, अगदी फोटोतलं. "त्या फोटोत माझ्यामागे सगळे उभे होते, नाही?" असं म्हणून त्यांनी सही न करता वही मला परत दिली. मला फार वाईट वाटलं. तशी नोंद मात्र इतिवृत्तात नाही.

ठराव एकाहत्तर विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. कॅमेऱ्याचं आणि फ्लॅशचं आता उत्तम पटतं. दोघंही एकाच कपाटात कुलपाआड आहेत, आणि त्यांच्या शेजारी काकू हसताहेत.

तुम्हीही हसताय, हसा. पण गेल्या महिन्यात तुमच्या सोसायटीचा वॉचमन वही घेऊन तुमच्या दारात आला होता. तिच्यात काय लिहिलं होतं, सांगता येईल? नाही ना? दार अर्धवट उघडून तुम्ही त्याला एवढंच विचारलं होतं, "कुठे करू?"